भिंत, पोथी आणि पडदा: भारतीय चित्रकला व सिनेमाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या एका घराच्या हॉलमध्ये आमचा छोटा गट महिन्यातून एकदा जमतो. आधी एखादं जुनं चित्र प्रोजेक्टरवर मोठं करून पाहायचं, मग सिनेमातला एखादा प्रसंग, मग चहा आणि वाद. वाशी-नेरूळहून ट्रान्स हार्बरने येणारेही बरेच आहेत. ज्यांना जमत नाही ते व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवतात. तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागले, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिकडे बोट दाखवलं आहे.

१. चित्रकला आणि सिनेमाचं नातं म्हणजे काय? पेंटिंगसारखी दिसणारी फ्रेम?

बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. एखादी फ्रेम चित्रासारखी दिसणं हा या नात्याचा सगळ्यात वरवरचा भाग आहे. आम्ही तीन गोष्टी पाहतो: बघणाऱ्याला कुठे उभं केलंय, उजेड कुठून येतोय आणि काळ कसा मांडलाय. हे तीन निर्णय चित्रकारालाही घ्यावे लागतात आणि दिग्दर्शकालाही. दोघांनी ते एकाच पद्धतीने घेतले असतील तर चित्र आणि दृश्य दिसायला वेगळी असली तरी नातं पक्कं असतं.

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या 'चित्रसूत्रा'त राजा वज्र मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडवायला शिकवा म्हणतो. ऋषी म्हणतात, त्यासाठी आधी चित्र कळलं पाहिजे. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गायन. आपल्या परंपरेने चित्र कधी एकटं ठेवलंच नाही. हालचाल आणि लय त्यात पहिल्यापासून धरलेली आहे.

२. 'अभिजात' चित्रकलेत तुम्ही काय काय धरता? राजा रवि वर्मा त्यात येतात का?

अजिंठ्याची भित्तिचित्रं, पश्चिम भारतातल्या जैन पोथ्या, मुघल, राजस्थानी, दख्खनी आणि पहाडी लघुचित्रं, एवढं आम्ही धरतो.

रवि वर्मांचं (१८४८-१९०६) उत्तर 'नाही, पण' असं आहे. तैलरंग, एका बाजूने येणारा उजेड, एका बिंदूकडे जाणारं यथार्थदर्शन (दूरचं लहान दाखवून खोली आणायची पद्धत) ही त्यांची भाषा युरोपीय शिस्तीची. विषय मात्र आपले. त्यांच्या छापखान्याने हे विषय घरोघरच्या भिंतींवर नेले, आणि सिनेमाला देवादिकांचं रूप तिथून मिळालं. त्यांना वगळून या विषयावर बोलणं म्हणजे मधला पूल काढून घेणं. म्हणून अभिजात नव्हे तरी अटळ, असं आम्ही मानतो.

३. दादासाहेब फाळक्यांचा चित्रकलेशी कितपत संबंध होता?

सिनेमाच्या आधी तोच त्यांचा धंदा होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण, ब्लॉक बनवणं, रवि वर्मांच्या छापखान्यासाठी काम, स्वतःचा छापखाना, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईचं तंत्र पाहायला जर्मनी. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्यामागे छपाईतली ही सगळी वर्षं होती.

चित्रपटाच्या सुरुवातीला राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो, राणी शेजारी आहे, माणसं आपल्यासमोर व्यवस्थित मांडून उभी आहेत. कॅमेरा हलत नाही. आजच्या प्रेक्षकाला हे नाटकासारखं वाटतं, पण ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं) पाहून वाढलेल्या प्रेक्षकाला घरच्या भिंतीवरची तसबीर हलू लागल्यासारखं वाटलं असणार. (आज उपलब्ध असलेली रिळं १९१३ची की १९१७च्या नव्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिताना जपून.)

४. एकाच चित्रात तोच माणूस तीन-चारदा का दिसतो? ती चूक आहे का?

चूक नाही, आणि आमच्या मते सिनेमाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

मेवाडचं रामायण घ्या. राणा जगतसिंहासाठी ते सतराव्या शतकाच्या मध्याला चितारलं गेलं, आणि त्यातली बरीच पानं साहिबदीन या चित्रकाराच्या हातची आहेत. एका पानावर राम महालात दिसतो, तोच दारात, तोच रथापाशी. चौकटी पाडलेल्या नाहीत. भिंत, झाड, डोंगराची कड हीच दोन क्षणांमधली सीमा. डोळा एका रामाकडून दुसऱ्या रामाकडे जातो तेवढ्यात वेळ जातो. म्हणजे वेळ चित्रात नाही, बघणाऱ्याच्या डोळ्याच्या प्रवासात आहे.

अजिंठ्यात तर याहून धीट प्रकार आहे. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाची (बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेची) भिंत आहे: राजाला संसारात गुंतवायला मांडलेला नाच, आणि तोच राजा घोड्यावर बसून सगळं सोडून निघालेला. अजिंठ्यात पुष्कळ ठिकाणी प्रसंग काळाच्या क्रमाने न लावता जागेप्रमाणे लावले आहेत. राजवाड्यात घडणारं एकीकडे, रानात घडणारं दुसरीकडे. मग गोष्ट कळते कशी? माना पाहा. एखादी दासी समोरच्या प्रसंगाकडे पाठ करून बाजूला बघत असते, आणि तिची नजर जिथे जाते तिथे पुढचा प्रसंग असतो. सिनेमात आधी बघणारा माणूस आणि लगेच तो बघतोय ते दाखवतात, ती जोडणी इथे भिंतीवर आहे.

फरकही तितकाच मोठा आहे. भिंतीपुढे उभा असलेला माणूस मागे वळून पुन्हा पाहू शकतो. सिनेमात कात्री दुसऱ्याच्या हातात असते.

५. मग 'मुघल-ए-आझम'च्या शीशमहालात शेकडो आरशांत अनारकली दिसते, ते हेच ना?

हा प्रश्न आला की आम्हाला आनंद होतो, पण उत्तर नाही असंच आहे. आरशांत एकच क्षण अनेकदा दिसतो, साहिबदीनच्या पानावर अनेक क्षण एकदा दिसतात. १९६०च्या त्या गाण्याचा परिणाम विलक्षण आहे, पण त्याचं मूळ शीशमहालांच्या वास्तुकलेत शोधा. चौथ्या प्रश्नातल्या पद्धतीला सिनेमात सगळ्यात जवळचं काही असेल तर एक दृश्य विरघळून दुसरं वर येतं तो डिझॉल्व्ह, किंवा कट न करता कॅमेरा फिरत राहतो आणि परत त्याच ओसरीवर येतो तेव्हा तिथे दुसरा काळ चालू असतो, तसा लांबलचक शॉट.

६. लघुचित्रात सावल्या का नसतात? रात्रसुद्धा लख्ख कशी?

कारण त्या चित्रांत उजेड कुठूनच येत नाही, तो वस्तूंमध्येच असतो. अजिंठ्यात गोलाई दाखवायला छटा आहेत, शास्त्रात तिला 'वर्तना' म्हणतात. पण ती अंगाची गोलाई आहे, जमिनीवर पडलेली सावली नव्हे. लघुचित्रात रात्र दाखवायची तर वर गडद आकाश, चंद्र, चांदण्या, हातात मशाल. माणसांचे चेहरे मात्र दुपारइतके स्वच्छ. पहाडी चित्रांतली अभिसारिका, म्हणजे प्रियकराला भेटायला निघालेली नायिका, काळ्या रात्री विजांमधून निघते तरी तिच्या घागऱ्याची नक्षी मोजून घ्यावी! अंधार हा तिथे प्रसंग आहे, अडथळा नाही.

अपवाद आहेत. १५८०मध्ये जेझुइट पंथाचे ख्रिस्ती पाद्री अकबराच्या दरबारी छापील चित्रांचं बायबल घेऊन आले, आणि तेव्हापासून मुघल चित्रकारांच्या हाती छाया, धूसर होत जाणारी दूरची गावं, पुढे मेणबत्तीचा उजेड येऊ लागला.

सिनेमात दिवे आहेत म्हणजे सावली आलीच. म्हणूनच सत्यजित राय यांच्या छायाचित्रकाराने, सुब्रत मित्रांनी, 'अपराजितो'साठी (१९५६) केलेली युक्ती आम्ही नेहमी सांगतो. बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. त्यांनी वर कापड ताणून दिव्यांचा झोत त्यावर टाकला आणि परतलेला मऊ उजेड खाली येऊ दिला. हेतू वास्तवाचा होता, लघुचित्राचा नव्हे. पण भारतीय घराच्या चौकातला सावली न टाकणारा उजेड पडद्यावर आला तो असा.

७. पौराणिक सिनेमात देव थेट आपल्याकडे का बघतो? लघुचित्रांतून आलं का हे?

नाही, आणि इथे बरेच लेख गफलत करतात. राजस्थानी-मुघल लघुचित्रांत माणसं बहुधा एकचष्म असतात, म्हणजे एका बाजूने, एकच डोळा दिसेल अशी. अजिंठ्यात चेहरे बहुधा तीन-चतुर्थांश वळलेले. समोरून पाहणारा देव येतो गाभाऱ्यातून आणि ओलिओग्राफमधून. दर्शन म्हणजे आपण देवाला पाहायचं आणि त्यानेही आपल्याला. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) सुरुवातीलाच त्यांची मुलगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने एकामागून एक भाव करून दाखवते, आपल्याकडे बघत. मग ती कृष्ण होते.

एकचष्म चेहऱ्याचा परिणाम उलटा असतो. चित्रातली दोन माणसं एकमेकांत गुंतलेली, आपण बाहेर, जरा चोरून पाहणारे.

८. हिंदी-मराठी गाण्यांच्या चित्रीकरणाचा रागमालेशी संबंध लावता येतो का?

लावता येतो, पण नातं पुराव्याचं नाही, सवयीचं आहे. रागमालेत रागाचं चित्र काढतात. तोडी म्हणजे वीणा घेतलेली एकटी स्त्री आणि भोवती सुरांनी खेचून आणलेली हरणं. मेघ म्हणजे दाटलेले ढग. कथा पुढे सरकत नाही, एक भाव जागच्या जागी फुलतो, आणि झाडं-पक्षी-पाऊस हे सगळं त्या भावाचंच अंग होतं. आपल्या सिनेमातलं गाणं हेच करतं. गोष्ट थांबते, नायिका गच्चीवर येते, आभाळ भरून येतं. परदेशी समीक्षकांना जे आगंतुक वाटायचं ते रागमाला, बारामासा (बारा महिन्यांची चित्रं) आणि अष्टनायिका (नायिकेच्या आठ अवस्था) माहीत असलेल्या डोळ्याला मुळीच आगंतुक वाटत नाही. मधला दुवा बहुधा संगीत नाटक आणि त्याचे रंगवलेले पडदे.

९. हल्लीचे भव्य ऐतिहासिक चित्रपट 'चालतं-बोलतं पेंटिंग' म्हणून गाजतात. ते मोजायचे का?

मोजा, पण कुठल्या खात्यात ते पाहा. उजेड एका झरोक्यातून तिरका येतोय का? धूर, सोनेरी धुरळा, काळोखातून निम्मा उजळलेला चेहरा आहे का? असेल तर ते युरोपीय तैलचित्राचं वळण आहे, दागिने आणि पैठण्या आपल्या असल्या तरीही. 'चित्रसूत्रा'त एक मार्मिक श्लोक आहे: आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार वर्तनेची, स्त्रियांना अलंकार हवे असतात आणि बाकीच्यांना रंगांची रेलचेल. स्त्रियांविषयीचा शेरा सोडून द्या. पण अलंकार आणि रंग यांवरच सगळं बजेट गेलं आणि रेषा कुठे दिसलीच नाही, असं या चित्रपटांबद्दल वाटतं खरं.

लघुचित्राच्या जवळ जाणारी त्यांतली एक गोष्ट म्हणजे उंचावरून दाखवलेला चौक. मुघल चित्रात अंगण वरून दिसतं, माणसं मात्र समोरून. कॅमेऱ्याला हे दोन्ही एकदम जमत नाही. क्रेन वरून खाली आली की तो दोन्ही दाखवतो, पण एकामागून एक.

१०. मणी कौल यांचे चित्रपट बघायला घेतले. अर्ध्या तासात झोप आली. काय चुकलं?

काही चुकलं नाही. ते चित्रपट सावकाश आहेत, आणि दिवसभर ठाणे-सीएसएमटी करून आल्यावर रात्री अकराला लावायचे नाहीत.

'दुविधा' (१९७३) विजयदान देथांच्या राजस्थानी कथेवर आहे. रंग आणि चौकटी यांसाठी कांगडा आणि बसोली या पहाडी शैलींच्या लघुचित्रांचा आधार घेतल्याचं कौल यांनीच सांगितलं होतं. पांढरी भिंत, तिच्यावर एकच लाल, मध्येच थिजलेली फ्रेम. गोष्टीची वाट न पाहता पोथीचं पान उलटतोय असं समजून पाहा. दहा मिनिटांचा तुकडा पुरे.

'उसकी रोटी' (१९६९) आणखी एका वळणाने येतो. त्यातल्या स्त्रीच्या बसण्या-उभं राहण्यामागे चित्रकार अमृता शेरगिल यांची चित्रं आहेत. शेरगिल १९३६च्या अखेरीस अजिंठ्याला गेल्या, तिथून दक्षिणेत फिरल्या, आणि १९३७च्या त्यांच्या दक्षिण भारतीय चित्रांत त्या भिंतींचा ठसा स्पष्ट आहे. म्हणजे अजिंठा, शेरगिल, मग पंजाबातल्या एका बस थांब्यावर जेवणाचा डबा घेऊन उभी असलेली बाई. पहिल्या प्रश्नात म्हटलेलं नातं ते हे. दिसायला अजिंठ्यासारखं काहीच नाही.

११. चित्रं जशीच्या तशी पुन्हा उभी करणारा एखादा चित्रपट आहे का?

अमित दत्ता यांचा 'नैनसुख' (२०१०). अठराव्या शतकातल्या गुलेरच्या या चित्रकारावर कला-इतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी केलेल्या संशोधनावर तो आधारलेला आहे. जसरोट्याच्या पडक्या महालातच नटांना बसवून नैनसुखची चित्रं उभी केली आहेत: राजा बलवंतसिंह हुक्का ओढतोय, दाढी करून घेतोय, पत्र लिहितोय. नुसती नक्कल असती तर कंटाळवाणं झालं असतं. पण चित्रात नसलेली गोष्ट, आवाज, इथे येते. वारा, पाखरं, कागदावर घासणारी लेखणी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या मुलांना दाखवायला याहून चांगला चित्रपट आम्हाला माहीत नाही. संवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे भाषेचीही अडचण नाही.

१२. वारली आणि चित्रकथी यांचं काय? ती आपल्या जवळची आहेत.

अभिजात नाहीत, म्हणून दुसऱ्या प्रश्नात घेतली नाहीत. पण सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी वगळणं कठीण आहे. ठाकर समाजातले कलावंत गाणं म्हणत एकेक चित्र पुढे करतात आणि प्रसंग संपला की ते मागे टाकतात. एक चित्र, कट, पुढचं चित्र, सोबत आवाज. मूकपटाचा खेळ याच्याहून फार लांब नाही. ठाण्याहून कोकणच्या गाडीने कुडाळला उतरलात की पिंगुळी जवळच आहे.

वारलीबद्दल एवढंच: तारप्याच्या नाचाचं वर्तुळ वरून दिसतं आणि नाचणारे बाजूने. नवव्या प्रश्नातला चौक आठवतो की नाही?

१३. लघुचित्र हातात धरून पाहायचं आणि सिनेमा भल्या मोठ्या पडद्यावर. तुलनाच चुकीची नाही का?

आक्षेप बरोबर आहे. लघुचित्र एका वेळी एकाच माणसासाठी असतं. पान किंचित कललं की त्यातलं सोनं चमकतं, आणि बसोलीच्या चित्रांत तर पाचूसाठी भुंग्याच्या पंखाचे हिरवे तुकडे चिकटवलेले असतात. हे प्रोजेक्टरवर दिसत नाही, आमच्याही नाही.

आकाराचं म्हणाल तर लघुचित्रं बरीचशी उभी, सिनेमा आडवा. 'कागज के फूल'पासून (१९५९) आपल्याकडे सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र आलं तेव्हा तो आणखी पसरला. लांब भिंतीवरचा अजिंठा त्या पडद्याला जवळचा. गंमत अशी, की मोबाईलवरची उभी रील हातात धरून, एकट्याने, जवळून पाहिली जाते. लघुचित्राच्या सगळ्या अटी तिने पुन्हा आणल्या आहेत, आणि तिच्यात आपण नाचाचे स्टेप्स दाखवतोय.

१४. ठाण्याचा यात काही वाटा आहे का?

ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणचा, आडवळणाने. बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना'चं (१९२४) पोस्टर भारतातल्या जुन्यात जुन्या उपलब्ध सिनेपोस्टरांत गणलं जातं. कथा शिवकालीन कल्याणच्या लुटीची, काम मात्र कोल्हापूरचं. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव सिनेमात आले. त्यांच्या कंपनीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे प्रभातमध्ये 'संत तुकाराम' (१९३६) करणार होते.

१५. ठाणे-नवी मुंबईत राहून मूळ चित्रं कुठे पाहता येतील?

फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. मेन लाइन असो वा हार्बर, सीएसएमटीला उतरा. लघुचित्रांचा संग्रह उत्तम आहे, पण उजेडाने रंग खराब होतात म्हणून सगळी चित्रं एका वेळी मांडलेली नसतात. मेवाड रामायणाची काही पानं याच संग्रहालयाकडे आहेत, काही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. २०१४मध्ये दोन्हीकडची पानं डिजिटल रूपात एकत्र आणली गेली. सिनेमासाठी पेडर रोडला राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय आहे.

भित्तिचित्रं पाहायची तर अजिंठाच. ठाणे किंवा कल्याणहून रेल्वेने जळगाव, तिथून साधारण साठ किलोमीटर रस्ता. सोमवारी लेणी बंद असतात. फ्लॅश चालत नाही, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं. कान्हेरीच्या चौतिसाव्या लेण्यात छतावर अर्धवट राहिलेली चित्रं आहेत. थोडी आहेत, पण येऊरच्या डोंगरापलीकडेच आहेत.

१६. दिग्दर्शकाने एवढा विचार खरंच केला असेल का? की तुम्हीच ओढूनताणून जोडता?

कधी कधी जोडतो. म्हणून आम्ही दोन ढीग वेगळे ठेवतो. पहिल्यात नोंद असलेली नाती: छपाईतून आलेले फाळके, कांगडा-बसोलीचं नाव घेणारे कौल, शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जी यांच्याकडे शिकलेले सत्यजित राय, ज्यांनी पुढे बिनोदबिहारींवर 'द इनर आय' (१९७२) हा माहितीपट केला. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरणारे आणि नंतर स्वतःच्या लघुपटाला १९६७मध्ये बर्लिनचं पारितोषिक मिळवणारे एम. एफ. हुसेनही त्यातच. दुसऱ्या ढिगात नुसती साम्यं. आठव्या उत्तरातली गाणी त्यातली. दुसऱ्या ढिगातलं काही सांगताना 'यावरून घेतलं' म्हणायचं नाही, एवढा एकच नियम गटात आहे, आणि तो रोज मोडला जातो.

१७. कॉलेजच्या प्रेझेंटेशनसाठी किंवा यूट्यूबसाठी अशी चित्रं आणि फ्रेम वापरल्या तर चालतं का?

भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो, चित्रपटाचा प्रदर्शनानंतर साठ. म्हणजे अजिंठा, साहिबदीन, रवि वर्मा, शेरगिल (मृत्यू १९४१), फाळक्यांचे मूकपट, सगळं मोकळं आहे. 'दुविधा' २०३३ संपेपर्यंत नाही. समीक्षेसाठी छोटा तुकडा दाखवायला कायद्यात सवलत आहे, आणि वर्गात शिकवतानाही. यूट्यूबचं यंत्र मात्र कायदा वाचत बसत नाही. तुकडा आपोआप पकडला जातो आणि मग हरकत नोंदवत बसावं लागतं.

गुंता होतो तो फोटोंचा. चित्र तीनशे वर्षं जुनं असलं तरी संग्रहालयाने काढलेल्या त्याच्या फोटोवर संग्रहालयाच्या अटी असू शकतात. डाउनलोड करण्याआधी त्या पानाच्या तळाशी लिहिलेलं वाचा, आणि संग्रहालयाचं नाव व नोंदणी क्रमांक चित्राखाली लिहा.